सात मिनिटांची वजाबाकी

कोणी कुठल्या लहरीवर बोलावं, टेलिफोनच्या नंबरांची कुठली मालिका कोणाला मिळावी आणि टीव्हीच्या वाहिन्यांनी काय दाखवावं नि किती, हे ठरवणारं एक मंडळ होतं. पाच मजली इमारत आणि लहरी स्वभावाची एक लिफ्ट. पहिल्या मजल्यावर लहरींचे लोक बसत, दुसऱ्यावर नंबरांचे, तिसऱ्यावर कायद्याचे आणि पाचव्यावर अध्यक्षबाई. मधल्या चौथ्या मजल्यावर देखरेख कक्ष होता. तिथे चार माणसं पगार घेऊन दिवसभर टीव्ही बघत असत. नातेवाइकांना आपलं काम समजावून सांगणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

या चौघांपैकी जाहिराती मोजण्याचं काम बावीस वर्षं एकाच माणसाकडे होतं. खरं नाव पगारपत्रकात असेल. इमारतीत सगळे त्यांना सेकंदकाका म्हणत. रोज एक वाहिनी, सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. कानाला हेडफोन, पुढ्यात लांबलचक वही. जाहिरात सुरू झाली की वेळ लिहायची, संपली की वेळ लिहायची, बस. नियम साधा होता. घड्याळाच्या एका तासात, म्हणजे मोठा काटा बारावरून निघून पुन्हा बारावर येईपर्यंत, बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायच्या नाहीत. तीन महिन्यांत तीनदा हा नियम मोडला की परवाना रद्द. वाहिनी मोठी असो की दोन खोल्यांतली, नियम एकच. निदान लिहिताना तरी एकच.

काकांच्या वहीत खाडाखोड नसे. चूक झालीच तर लाल शाईनं एक रेघ मारून बाजूला सही करायची, अशी पद्धत होती. पण त्यांच्या लाल पेनातली शाई वापराविना वाळून जायची आणि दर वर्षी भांडारातून नवं पेन यायचं. शिवाय वहीत एक शब्द जास्तीचा नसे. कार्यक्रम कुठला होता, बातम्यांत काय सांगितलं, कोण रडलं, कोण नाचलं, कशाचाही पत्ता नाही. फक्त जाहिराती. न्यायालयात मोठमोठ्या वाहिन्यांचे वकील या वहीपुढे गप्प बसत, कारण वहीत भांडायला काही सापडतच नसे. रेकॉर्डिंगचं यंत्र दर वर्षी अंदाजपत्रकात यायचं आणि 'वही आहे ना' असं म्हणून दर वर्षी वगळलं जायचं. काकांना याचा अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

एक गोष्ट मात्र कक्षाबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. कक्षातलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं.

ते अकरा वर्षांपूर्वी काकांनीच पुढे केलं होतं. तेव्हा त्यांची बायको अंथरुणाला खिळली होती. दिवसा सांभाळायला एक नर्स यायची आणि सव्वासहाच्या ठोक्याला निघून जायची. तिलाही दुसरं घर गाठायचं असे. मंडळाची बस साडेपाचला सुटे. ती चुकली की पुढची गाडी सव्वा तासानं. दोनदा ती चुकली आणि दोन्ही वेळा घरी पोचले तेव्हा बायको एकटी, भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढे कित्येक दिवस वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी ते स्टुलावर चढले आणि काटा सात मिनिटं पुढे सरकवला. पाच मिनिटं जिन्याची, दोन हजेरीवरच्या सहीची. लिफ्ट त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती.

बाकीच्या तिघांनाही ते सोयीचं झालं. बस कोणाला नको असते? भिंतीवर साडेपाच झाले की आवरायला घ्यायचं आणि आरामात खाली उतरायचं. त्या तिघांच्या कामात मिनिटांना महत्त्व नव्हतं. एक चित्राची प्रत बघे, एक भाषेच्या तक्रारी, एक रेडिओ. मिनिटं फक्त काकांना लागत. ते घड्याळाकडे बघत, डोक्यात सात वजा करत आणि खरी वेळ वहीत उतरवत. पहिले काही दिवस आठवणीनं केलं, मग आठवण ठेवायची गरजही उरली नाही. चार वर्षांपूर्वी बायको गेली. घड्याळ तसंच राहिलं. लवकर पोचून करायचं काय, हा प्रश्न काकांना पडे. पण तो त्यांनी कोणाला विचारला नाही.

मग काकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी तीन आठवडे टीव्ही बघायचा नाही असं बजावलं, म्हणजे नोकरीच करायची नाही असं सांगितलं. बावीस वर्षांतली ती पहिली लांब रजा. बदली म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या नंबर विभागातून एक बाई आल्या. पस्तिशीच्या, नीटनेटक्या, नियमपुस्तिका उशाशी घेऊन झोपणाऱ्यांपैकी. कक्षात त्यांना सगळे 'नवीन बाई' म्हणू लागले. त्यांनी पहिल्याच दिवशी पुस्तिका उघडली. तिथे लिहिलं होतं, 'वेळ कक्षातील घड्याळानुसार नोंदवावी.' मोबाइल तर कक्षाबाहेरच्या कपाटात ठेवावा लागे. बाईंनी कक्षातलं घड्याळ बघितलं आणि जे दिसलं ते लिहिलं.

तिथल्या कोणीही त्यांना घड्याळाबद्दल सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. भिंत आहे, खिडकी आहे, घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. यात सांगायचं ते काय?

त्या तीन आठवड्यांत बाईंनी एका वाहिनीला तीनदा पकडलं. दर मंगळवारी पाळी असलेली एक छोटी गावपातळीची वाहिनी. नऊ माणसं, एक कॅमेरा आणि बातम्या सांगणारी एक बाई; वाहिनी तिची नि तिच्या भावाची. पाणी किती वाजता येणार, कुठला रस्ता बंद आहे, दवाखान्यात कोणाला कुठल्या गटाचं रक्त हवंय, असल्या बातम्या. तीन मंगळवार, तिन्ही वेळा अकरा ते बाराच्या तासात एकोणीस मिनिटं जाहिराती. बाईंना पाचव्या मजल्यावरून शाबासकीचं पत्र आलं आणि त्या खाली नंबरांकडे परत गेल्या. काका निवृत्त झाले की वर त्यांनाच आणायचं, असं ठरूनही गेलं.

काका कामावर आले आणि त्यांनी ती पानं तपासली. बेरजा बरोबर होत्या. काकांना खटकलं ते वेगळंच. बाईंनी समासात बारीक अक्षरात भलतंसलतं लिहून ठेवलं होतं: हवामान सुरू, पाहुण्यांची मुलाखत, सरकारी बातम्या सुरू. त्यांनी बाईंना वर बोलावून घेतलं.

"वही छान ठेवलीत हो. पण हे हवामान नि बातम्या कशाला? नियमात फक्त जाहिराती. उद्या वकील म्हणेल, मुलाखतीत पाहुणा खोकला होता ते का नाही लिहिलं?"

"चुकलं काका," बाई म्हणाल्या. "सवय आहे. आमच्याकडे सगळंच लिहितात."

"लिहू देत. इथे नको," असं म्हणून काकांनी तिन्ही पानांवर सही ठोकली. समासातला मजकूर त्यांनी नीट वाचला नाही, नुसता बघितला.

पुढे कागद आपल्या गतीनं चालले. वाहिनीला तीन नोटिसा गेल्या, तिचं उत्तर आलं, सुनावणीची तारीख लागली. सुनावणी गुरुवारी होती. आदल्या दिवशी दुपारी कायदा विभागातून फाइल काकांकडे आली, साक्षीला जायचं म्हणून एकदा नजरेखालून घालायला. वाहिनीनं उत्तरात दोन रकाने केले होते. डावीकडे मंडळाच्या वेळा, उजवीकडे वाहिनीच्या. मंडळ म्हणतं: अकरा ते अकरा सात, अकरा सत्तावीस ते अकरा बत्तीस, अकरा त्रेपन्न ते बारा. वाहिनी म्हणते: दहा त्रेपन्न ते अकरा, अकरा वीस ते अकरा पंचवीस, अकरा शेहेचाळीस ते अकरा त्रेपन्न. म्हणजे पहिली सात मिनिटं आधीच्या तासातली, आणि या तासात मोजून बारा. खाली कायदा अधिकाऱ्यानं शेरा मारला होता: 'वाहिनीचे घड्याळ सात मिनिटे मागे असल्याचे दिसते.'

काकांनी तो शेरा वाचला. मग मान वर करून भिंतीकडे बघितलं. मग पुन्हा शेरा वाचला.

सात मिनिटं. तिन्ही मंगळवारी, प्रत्येक ओळीत, बरोबर सात. या इमारतीत सात मिनिटांचा अर्थ फक्त त्यांनाच कळणार होता, कारण ती सात मिनिटं त्यांनीच स्टुलावर चढून जन्माला घातली होती.

ते दुसऱ्या मजल्यावर गेले. नवीन बाई डबा धूत होत्या.

"बाई, जाहिराती लिहिताना तुम्ही घड्याळातली वेळ जशीच्या तशी लिहायचात?"

"हो. का?"

"सात वजा नाही केलीत?"

"कशातून?"

काकांनी सांगितलं. बाईंनी डबा खाली ठेवला, हात पुसले आणि त्यांच्याबरोबर वर आल्या. वहीचं पान काढलं. समासात त्यांच्याच बारीक अक्षरात लिहिलं होतं: बारा सात, सरकारी बातम्या सुरू. पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच. आणि सरकारी बातम्या दुपारी बाराच्या टोल्याला सगळ्या वाहिन्यांवर एकाच क्षणी लागतात; परवान्यातली ती पहिली अट आहे. पोराटोरांना ठाऊक असते.

"तुम्हाला नवल नाही वाटलं? बाराच्या बातम्या बारा सातला?"

"सरकारी बातम्या उशिरा लागल्या, यात नवल काय वाटायचं?" बाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ती वाहिनी माझ्यामुळे बंद पडणार होती."

"तुमच्यामुळे नाही. तुम्ही पुस्तिकेप्रमाणे वागलात."

"मी विचारायला हवं होतं, काका."

"काय विचारणार होतात? भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे का, असं कोणी विचारतं? सांगायचं काम माझं होतं."

बाईंनी वही मिटली. "हे कोणाच्या लक्षात आलंय?"

"अजून तरी नाही."

गप्प बसणं किती सोपं होतं, हे दोघांनाही कळत होतं. फाइल तयार होती, शेरा मारून झाला होता, नऊ माणसांची वाहिनी लांबच्या गावात होती. काकांना निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. आणि त्याहून मोठं म्हणजे, एका बड्या वाहिनीचं प्रकरण न्यायालयात अडकलं होतं. दोन वर्षांपूर्वी काकांच्या वहीवरून तिच्यावर सहा महिने नव्या जाहिराती घेण्याची बंदी आली होती. त्या वाहिनीचा वकील मंडळाच्या प्रत्येक सुनावणीला मागच्या रांगेत येऊन बसायचा. वहीला कुठे तडा दिसतोय का, एवढंच बघायला.

काका त्या दिवशी बसनं घरी गेले, जेवले, भांडी घासली. नव्या डोळ्याला सगळं फार स्वच्छ दिसत होतं. बायकोचा पलंग दिसत होता, त्यावर घडी घातलेली चादर दिसत होती. ते मनाशी म्हणाले, जी बाई एकटी पडू नये म्हणून घड्याळ पुढे केलं, तिच्या नावावर दुसऱ्या कोणाचं घर बुडवायचं? मग त्यांना फार विचार करावा लागला नाही.

सुनावणीची खोली पाचव्या मजल्यावर. एका बाजूला अध्यक्षबाई, शेजारी कायदा अधिकारी. समोर ती बातम्या सांगणारी बाई, एकटीच. वकील तिनं केलाच नव्हता. मागच्या रांगेत बड्या वाहिनीचा वकील मांडीवर वही घेऊन तयारीत.

"आमच्याकडे एकच घड्याळ आहे मॅडम," बातमीवाली सांगत होती. टीव्हीवर बोलून बोलून तिचा आवाज स्वच्छ झाला होता. हातात दोन रकान्यांचा कागद होता. "सरकारी बातम्या आम्ही त्याच घड्याळावर जोडतो. ते सात मिनिटं मागे असतं तर रोज बातम्यांची सुरुवात हुकली असती, आणि त्याबद्दल तुमची वेगळी नोटीस आली असती."

"बावीस वर्षांत आमच्या नोंदींवर कोणी बोट ठेवलेलं नाही," कायदा अधिकारी म्हणाला आणि त्यानं काकांकडे हात केला. "हे आमचे..."

"बोट मीच ठेवतोय," काका म्हणाले.

त्यांनी सगळं सांगितलं. घड्याळ, बस, रजा, बारा सातच्या बातम्या. बायकोचं सांगायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण अध्यक्षबाईंनी 'पुढे का केलंत?' असं विचारलं, तेव्हा तेही एका वाक्यात सांगून टाकलं. मागच्या रांगेत पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज झाला.

अध्यक्षबाईंनी नवीन बाईंचं पान मागवलं, समासातली ओळ वाचली आणि तिन्ही नोटिसा तिथल्या तिथे रद्द केल्या. बातमीवालीनं कागद पिशवीत घातला. जाता जाता ती काकांजवळ थांबली. "तुमचे उपकार झाले," असं काही ती म्हणेल, असं काकांना वाटलं होतं.

"दोन महिने आम्ही नऊ जण नीट जेवलो नाही," ती म्हणाली आणि गेली. काकांनी मान खाली घातली. तिचं काही चुकलं नव्हतं.

मग कायदा अधिकाऱ्यानं घसा खाकरला. "काका, तुमच्या स्वतःच्या नोंदींचं काय? त्याही याच घड्याळावरच्या."

"मी सात वजा करून लिहायचो."

"कुठे लिहिलंय तसं?"

"कुठेच नाही. डोक्यात करायचो."

"तुमच्या वहीत बाराच्या बातम्यांची एखादी नोंद? त्या नवीन बाईंसारखी?"

बावीस वर्षांत एकदा जरी समासात 'बातम्या सुरू' असं लिहिलं असतं! "नाही," ते म्हणाले. "माझ्या वहीत फक्त जाहिराती आहेत."

"वाहिन्यांच्या नोंदींशी ताडून बघता येईल," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"वाहिन्यांच्या नोंदी आपण कधीच ग्राह्य धरत नाही, मॅडम. तसा आपलाच आदेश आहे," कायदा अधिकारी पडलेल्या आवाजात म्हणाला.

"कक्षातले बाकीचे सांगतील की?"

"सांगतील, मॅडम," काकाच म्हणाले. "पण त्यांनी माझ्या डोक्यात थोडंच पाहिलंय?"

मागच्या रांगेतला वकील भराभर लिहीत होता. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वाईट नव्हत्या. खुर्ची तशी होती. "सोमवारपर्यंत काही पुरावा मिळाला तर आणा. नाहीतर अकरा वर्षांच्या नोंदी संशयास्पद म्हणून न्यायालयाला कळवावं लागेल. उद्यापासून घड्याळ बरोबर लावा. आणि यापुढे प्रत्येक वाहिनीची नोंद दोन माणसांनी वेगवेगळी ठेवायची. नंबर विभागातल्या त्या बाईंना वर घ्या."

शुक्रवारी सकाळी दहाच्या आधी काका पुन्हा स्टुलावर चढले. बाकीचे तिघं खाली उभे राहून बघत होते. रेडिओवाल्यानं बाहेरच्या कपाटातून मोबाइल आणला होता. तो वेळ सांगत होता. काटा सात मिनिटं मागे आला. काका खाली उतरले आणि स्टूल जागेवर ठेवलं.

त्या दिवशी पाळी एका करमणुकीच्या वाहिनीची होती, म्हणजे जाहिरातींचा सुकाळ. काका आणि नवीन बाई शेजारी शेजारी बसले, पण वह्या वेगळ्या आणि मध्ये पुठ्ठ्याची एक उभी पाटी. एकमेकांचं बघायचं नाही, असा आदेशच होता. तो आदेश बाईंनी पहिल्या तासातच मोडला. त्यांचं पेन पाटीच्या पलीकडे घरंगळलं, ते घ्यायला त्या वाकल्या, काकांच्या वहीकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली. मग त्या सरळ बसल्या आणि आपलं लिहीत राहिल्या. दुपारच्या सुट्टीत त्या काकांशी एक शब्द बोलल्या नाहीत. काकांना ते लागलं. आपल्यामुळे हिच्याही शाबासकीच्या पत्रावर शिंतोडे उडाले, रागावणारच, असं ते धरून चालले.

काका यंत्रासारखे काम करत होते. जाहिरात लागली, मान वर. वेळ बघितली, मान खाली. आता सोमवारी काय सांगायचं, हेच डोक्यात घोळत होतं. बड्या वाहिनीवरची बंदी न्यायालय चुकीची ठरवेल. मग दुसरी उभी राहील, मग तिसरी. एकेक वही कपाटातून काढून टेबलावर टाकली जाईल, आणि प्रत्येक पानावर खरी वेळ लिहिलेली असून ती खरी आहे असं कोणालाही म्हणता येणार नाही. खोटं लिहिलं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं.

संध्याकाळ झाली. भिंतीवर पाच पंचवीस झाले, पाच अठ्ठावीस झाले. कक्षातलं कोणी उठलं नाही. चित्रवाला आरामात जांभई देत होता, तक्रारवाला टेबल पुसत होता. साडेपाच झाले आणि खालून बसचा हॉर्न वाजला.

"अरे!" रेडिओवाला किंचाळला. "अरे, घड्याळ बरोबर आहे ना आज!"

तिघं पिशव्या घेऊन जिन्याकडे धावले. अर्ध्या जिन्यात असतानाच बस गेल्याचा आवाज आला, आणि मग एकमेकांना शिव्या घातल्याचाही.

काका उठलेच नव्हते. त्यांनी दिवसाची शेवटची नोंद नुकतीच केली होती. हॉर्न ऐकून त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग वहीकडे. शेवटच्या ओळीत त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: पाच तेवीस.

त्यांनी वरची ओळ बघितली. मग तिच्या वरची. मग पान उलटलं आणि सकाळपर्यंत मागे गेले. सकाळी ज्या हातानं काटा मागे घेतला, त्याच हातानं दिवसभर खोटी वेळ लिहिली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा वही चुकली होती, आणि चुकली तीही साफ, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यांनी खण उघडला आणि लाल पेन काढलं. यंदाचं पेन अजून ओलं होतं.

"खोडू नका, काका," नवीन बाई म्हणाल्या.

त्यांनी मधली पाटी बाजूला केली आणि आपली वही काकांच्या वहीला लावून ठेवली. दोन्हीकडे त्रेपन्न नोंदी. बाईंच्या वहीत दहा नऊ, काकांच्या वहीत दहा दोन. बाईंच्या वहीत अकरा एकतीस, काकांच्या वहीत अकरा चोवीस. त्या बोट लावून खाली खाली येत गेल्या. एकाही ओळीत सहा नाही, एकाही ओळीत आठ नाही.

"मला सकाळीच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "बोलले असते तर तुम्ही सावध झाला असता. म्हणून जेवतानाही तोंड उघडलं नाही."

काकांनी शेवटची ओळ पुन्हा ताडून बघितली.

"घड्याळ तुम्हीच लावलंत, सगळ्यांदेखत," बाई म्हणाल्या. "कोणी सांगितलं नाही वजा करायला. उलट, वजा करायचं नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी त्रेपन्न वेळा केलीत. वकिलाला विचारू दे ना सोमवारी, हे कधीपासून करताय म्हणून."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. मग लाल पेन खणात टाकलं आणि निळं घेतलं. चुकीच्या त्या पानांवर त्यांनी एकेक करून सही केली, जरा सावकाशच, बरोबरच्या पानांवर करत त्यापेक्षा सावकाश.

सहीखाली वेळ लिहायची असते. त्यांनी मान वर करून घड्याळाकडे बघितलं, पेन कागदाला टेकवलं आणि थांबले.

"बाई," त्यांनी विचारलं, "किती वाजले?"

"पाच चाळीस."

काकांनी पाच चाळीस लिहिलं.